'डूम' : खेळाडूंनीच जिवंत ठेवलेला खेळ

संगणकावरील खेळांचे आयुष्य साधारणतः फार मोठे नसते. नवा खेळ येतो, वर्ष-दोन वर्षे गाजतो आणि त्याहून वेगवान, अधिक देखणा खेळ बाजारात आला की विस्मृतीत जातो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात असलेल्या 'इड सॉफ्टवेअर' या लहानशा कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध केलेला 'डूम' हा खेळ मात्र या नियमाला अपवाद ठरला आहे. तीन दशके उलटून गेल्यावरही त्याच्या नव्या लेव्हल्स प्रसिद्ध होत असतात आणि त्यांतील बहुतेक सर्व कंपनीने नव्हे, तर खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या असतात. त्यासाठी त्यांना मोबदला मिळत नाही आणि खेळणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत नाहीत.

अशा हजारो लेव्हल्स आज इंटरनेटवर जतन केलेल्या आहेत. त्या एकेक करून धुंडाळणे हा जगभरातील अनेकांचा छंद आहे. एका धंदेवाईक खेळाला हे दुसरे आयुष्य मिळाले कसे, अनोळखी माणसाने रचलेली लेव्हल धुंडाळण्यात नेमका कोणता आनंद असतो आणि या विनामोबदला श्रमांवर हक्क कोणाचा, हे प्रश्न खेळात रस नसलेल्यांनाही विचार करायला लावणारे आहेत.

खेळाचे स्वरूप

'डूम'मध्ये खेळाडूची आकृती पडद्यावर दिसत नाही. दिसतो तो त्याच्या डोळ्यांसमोरचा देखावा आणि हातातील शस्त्र. मंगळाच्या उपग्रहांवरील तळांवर नरकातील राक्षस चालून आले आहेत आणि एकट्या सैनिकाने त्यांच्याशी लढत वाट काढायची आहे, एवढेच त्याचे कथानक. प्रत्येक लेव्हल म्हणजे खोल्या, बोळ, जिने आणि अंगणांचा एक चक्रव्यूह असतो. लाल, निळ्या व पिवळ्या किल्ल्या शोधायच्या, त्या त्या रंगाची दारे उघडायची आणि बाहेर पडण्याचा खटका गाठायचा.

मूळ खेळात प्रत्येकी ९ लेव्हल्सचे ३ भाग, म्हणजे एकूण २७ लेव्हल्स होत्या. पहिला भाग 'शेअरवेअर' पद्धतीने मोफत वाटण्यात आला. तो आवडल्यास उरलेले दोन भाग विकत घ्यायचे. १९९४ मध्ये आलेल्या 'डूम टू'मध्ये ३२ लेव्हल्स होत्या. खेळातील रक्तपातावर अमेरिकेत बरीच टीका झाली. तथापि त्याचे ऐतिहासिक महत्त्व पुढे मान्य झाले आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील 'वर्ल्ड व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेम'च्या पहिल्याच यादीत 'डूम'ला स्थान मिळाले.

दार उघडे ठेवण्याचा निर्णय

'डूम'च्या दीर्घायुष्याचे मूळ त्याच्या अंतर्गत रचनेत आहे. या कंपनीच्या १९९२ मधील 'वुल्फेनस्टाईन थ्रीडी' या खेळात काही हौशी मंडळींनी स्वतःच फेरबदल केले होते. त्यासाठी त्यांना मूळ फाइल्समध्येच ढवळाढवळ करावी लागे आणि मूळ खेळ बिघडत असे. कंपनीचे प्रमुख प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी या उपद्व्यापाकडे रागाने नव्हे, तर कुतूहलाने पाहिले. 'डूम' लिहिताना त्यांनी खेळाचे इंजिन आणि खेळातील सामग्री पूर्णपणे वेगवेगळी ठेवली. भिंतींची चित्रे, आवाज, राक्षस आणि नकाशे हे सारे 'वॅड' नावाच्या एका स्वतंत्र फाइलमध्ये साठवण्यात आले. 'सगळा डेटा कुठे आहे' अशा अर्थाच्या इंग्रजी प्रश्नातील आद्याक्षरांवरून हे नाव पडले.

या योजनेमुळे चाहत्याने बनवलेली छोटी वॅड फाइल मूळ फाइलच्या वर 'पांघरता' येते. खेळ सुरू करताना तिचे नाव सांगितले की नवी लेव्हल समोर येते. नाव न सांगितल्यास मूळ खेळ जसाच्या तसा असतो. काहीही पुसले जात नाही.

हा निर्णय कंपनीत सर्वांना रुचला होता असे नाही. लोक स्वतःच लेव्हल्स बनवू लागले तर कंपनीच्या पुढच्या लेव्हल्स कोण विकत घेणार, ही व्यवहारी शंका काही सहकाऱ्यांना होती. कारमॅक आणि लेव्हल्सचे रचनाकार जॉन रोमेरो मात्र मोकळीक देण्याच्या बाजूने होते. अखेर एक मध्यममार्ग निघाला. बाहेरची वॅड फाइल फक्त विकत घेतलेल्या खेळावर चालेल, मोफत भागावर चालणार नाही. ही अट इंजिनातच घालण्यात आली. परिणाम उलटाच झाला. नव्या लेव्हल्स खेळता याव्यात म्हणून मूळ खेळ विकत घेण्याला एक नवे कारण मिळाले.

लेव्हल बनवण्याचे साधन कंपनीने चाहत्यांच्या हाती दिले नव्हते. ते चाहत्यांनीच तयार केले. न्यूझीलंडचे ब्रेंडन वायबर आणि बेल्जियमचे राफाएल किने यांचे 'डूम एडिटिंग युटिलिटी' हे सॉफ्टवेअर १९९४ च्या सुरुवातीसच पसरू लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये जेफ्री बर्ड यांनी प्रसिद्ध केलेली 'ऑरिगवॅड' ही अगदी छोटी लेव्हल चाहत्याने बनवलेली पहिली लेव्हल मानली जाते. त्यानंतर मात्र पूरच आला.

नकाशा कसा घडतो?

'डूम'ची लेव्हल त्रिमितीय भासते, पण ती रचली जाते कागदावर घराचा आराखडा काढावा तशी. प्रथम बिंदू, बिंदूंना जोडणाऱ्या रेषा आणि रेषांनी बंदिस्त झालेले तुकडे काढले जातात. प्रत्येक तुकड्याला जमिनीची उंची, छताची उंची आणि उजेडाचे प्रमाण दिले जाते. रेषा म्हणजे भिंत किंवा उंबरठा. एखाद्या रेषेला काम नेमून दिले की ती ओलांडताच दार उघडते, पाळणा वर जातो किंवा खेळाडू क्षणार्धात दुसऱ्याच ठिकाणी जाऊन पडतो.

या सोपेपणाची किंमत एका मर्यादेच्या रूपाने मोजावी लागते. एका जागी जमीन एकच आणि छतही एकच. त्यामुळे खोलीवर खोली बांधता येत नाही. दुमजली वाडा दाखवायचा तर वरचा मजला आराखड्यात शेजारी मांडून जिन्याच्या वळणाने डोळ्यांना फसवावे लागते. मूळ इंजिनाची आणखीही बंधने होती. एकाच दृश्यात जमीन व छताचे १२८ पेक्षा जास्त पट्टे दिसू लागले की खेळ चक्क बंद पडत असे. पुढे इंजिने सुधारली आणि ही मर्यादा सहज ओलांडता येऊ लागली. तरीही काही रचनाकार आजही मूळ बंधने पाळूनच लेव्हल बनवतात. वृत्तात बसवून कविता लिहिणाऱ्या कवीची जिद्द आणि ही जिद्द एकाच जातीची म्हणावी लागेल.

धुंडाळण्याची रीत

अनोळखी लेव्हलमध्ये पाऊल टाकणारा जाणकार खेळाडू प्रथम नकाशाची कळ दाबतो. 'डूम'मध्ये चाललेल्या वाटेचा आराखडा आपोआप रेखाटला जातो. नकाशात भलतीच पोकळ जागा दिसली, तर तेथे काहीतरी दडलेले असण्याचा संभव असतो. भिंतीवरील चित्र शेजारच्या भिंतीशी किंचित जुळत नसेल, एखादा दिवा विनाकारण लुकलुकत असेल किंवा उंच कट्ट्यावर एखादे शस्त्र दिसत असूनही तेथे जायची वाट सापडत नसेल, तर ती रचनाकाराने दिलेली खूण असते. लेव्हल संपल्यावर किती राक्षस मारले, किती वस्तू उचलल्या आणि किती गुप्त जागा सापडल्या याची टक्केवारी पडद्यावर झळकते. गुप्त जागांपुढील अपुरा आकडा अनेकांना पुन्हा मागे खेचून नेतो.

राक्षसांचे वागणेही वाचावे लागते. बंदुकीचा आवाज खोलीतून खोलीत पसरतो आणि दूरच्या राक्षसांनाही जाग आणतो. काहींना मात्र रचनाकाराने मुद्दाम दबा धरून बसवलेले असते. ते खेळाडू दृष्टीस पडेपर्यंत हलत नाहीत. एका राक्षसाचा वार चुकून दुसऱ्याला लागला तर ते आपसांतच भिडतात, आणि हुशार खेळाडू स्वतःची काडतुसे वाचवून त्यांची जुंपवून देतो. किल्ली उचलताच मागची भिंत सरकून राक्षसांची फौज बाहेर पडणे ही तर नेहमीचीच युक्ती. पहिल्यांदा ती दगा देते. दहाव्यांदा मात्र खेळाडू किल्ली दिसताच आधी मागे वळून पाहतो. मग रचनाकार त्या सावधपणाचाही हिशेब करून नवा डाव टाकतो. दोन अनोळखी माणसांमध्ये, काळाचे नि देशाचे अंतर ओलांडून चाललेला हा बुद्धिबळाचा सामनाच असतो.

चांगल्या रचनेचे काही दंडक रोमेरो यांनी मूळ खेळातच घालून दिले होते. उजेड आणि अंधार यांत विरोध असावा. जमिनीचे चित्र बदलले की तिची उंचीही बदलावी. खिडकीतून बाहेरची जागा दिसत असेल तर तेथे कसेतरी पोहोचता यावे. एकाच जागी खेळाडूला पुन्हा पुन्हा आणावे म्हणजे त्याला परिसराची ओळख पटते. चाहत्यांच्या उत्तम लेव्हल्समध्ये हे दंडक पाळलेले दिसतात. काही अत्युत्तम लेव्हल्समध्ये ते जाणीवपूर्वक मोडलेले दिसतात.

काही टप्पे

सुरुवातीच्या काळात हौशी रचनाकारांनी बहुधा स्वतःचे घर, शाळा किंवा कचेरी यांचीच लेव्हल बनवली. ओळखीची जागा आणि तीत राक्षस, एवढ्यावर ते खूश असत. पण लवकरच कामाचा दर्जा वाढला. १९९४ मध्येच जस्टिन फिशर यांनी 'एलियन्स' या चित्रपटावर आधारलेले संपूर्ण रूपांतर प्रसिद्ध केले. त्याच्या पहिल्या लेव्हलमध्ये एकही शत्रू नाही. ओसाड तळावर खेळाडू जीव मुठीत धरून फिरतो आणि काहीच घडत नाही. गोळीबाराच्या खेळात शांततेने भीती निर्माण करता येते, हे एका चाहत्याने दाखवून दिले.

१९९५ मधील 'मेमेन्टो मोरी' हा ३२ लेव्हल्सचा संच निरनिराळ्या रचनाकारांनी मिळून घडवला. १९९७ मधील 'हेल रिव्हील्ड'ने राक्षसांची संख्या इतकी वाढवली की प्रत्येक लढाई हे कोडेच झाले. त्याच वर्षीच्या 'इटर्नल डूम'मध्ये भव्य किल्ले आणि भुलभुलय्यासारख्या वाटा होत्या. तेथे बंदुकीपेक्षा चिकाटी अधिक कामी येई. २००१ मधील 'नट्स' ही एक गंमतच म्हणायची. अवाढव्य मैदानात दहा हजारांहून अधिक राक्षस उभे करून तिने त्या काळच्या संगणकांची दमछाक केली. २००३ मधील एरिक आल्म यांच्या 'साइद' या संचाने उलट दिशा धरली. त्याच्या सुरुवातीच्या लेव्हल्स काही मिनिटांत संपतात आणि काठिण्य हळूहळू चढत जाते.

या परंपरेचे सर्वांत चर्चित फळ २०२३ मध्ये आले. 'मायहाऊस' ही लेव्हल वरकरणी १९९४ च्या त्या भाबड्या 'माझे घर' छापाची आहे. दोन-चार खोल्या, थोडे राक्षस, संपले. पण घरात पुन्हा पुन्हा फिरताना ते बदलत असल्याचे लक्षात येते. दारे नाहीशी होतात, खोल्या वाढतात, ओळखीचे घर परके होते. खेळाडूला नकळत दुसऱ्या, जवळपास हुबेहूब घरात नेऊन ठेवण्याची करामत त्यामागे आहे. मृत मित्राची आठवण म्हणून ही लेव्हल बनवल्याची एक कथाही तिच्यासोबत गुंफलेली आहे. 'डूम' कधीही न खेळलेल्या लोकांनीही तिची दखल घेतली.

श्रम कोणाचे, मालकी कोणाची?

हौसेचे हे जग व्यवहारापासून अलिप्त राहिले नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यास इंटरनेट फारच थोड्या घरांत होते. ही संधी साधून काही व्यापाऱ्यांनी इंटरनेटवरील लेव्हल्स शेकड्यांनी गोळा केल्या आणि सीडीवर भरून दुकानांत विकल्या. घडवणारे बाजूलाच राहिले.

मूळ कंपनीने वेगळी वाट धरली. १९९५ च्या अखेरीस तिने 'मास्टर लेव्हल्स' या नावाने निवडक रचनाकारांच्या लेव्हल्स मोबदला देऊन प्रसिद्ध केल्या. त्यांतील टिम विलिट्स पुढे त्याच कंपनीत दाखल झाले. १९९६ मध्ये 'फायनल डूम' आला. त्यातील 'प्लुटोनिया' हा अर्धा भाग डॅरिओ आणि मायलो कॅसाली या भावांचा, तर 'एव्हिल्यूशन' हा दुसरा अर्धा भाग 'टीम टीएनटी' या हौशी गटाचा होता. 'एव्हिल्यूशन' वास्तविक विनामूल्य द्यायचा ठरला होता आणि चाहते त्याची वाट पाहत होते. प्रसिद्धीच्या ऐन तोंडावर कंपनीने तो विकत घेतला. रचनाकारांना मान्यता आणि पैसा मिळाला. पण सर्वांसाठी बनवलेली वस्तू अखेर दुकानात गेली, याची अनेक चाहत्यांना चुटपुट लागली. डॅरिओ कॅसाली नंतर 'हाफ-लाइफ' या गाजलेल्या खेळाच्या रचनाकारांत होते. हौशीची ही कार्यशाळा एका नव्या व्यवसायाची पाठशाळा ठरली, ती अशी.

हा प्रश्न आजही मिटलेला नाही. इड सॉफ्टवेअर २००९ मध्ये 'झेनिमॅक्स'कडे आणि झेनिमॅक्स २०२१ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट'कडे गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये 'डूम'ची नवी आवृत्ती आली, तेव्हा चाहत्यांच्या लेव्हल्स खेळातूनच उतरवून घेण्याची सोय तीत होती. सोय उत्तमच, परंतु दुसऱ्याचे काम त्याच्या संमतीविना कोणीही तेथे चढवू शकेल, अशी काळजी अनेक रचनाकारांनी बोलून दाखवली.

चाहत्यांनी स्वतःपुरता यावर एक साधा उपाय फार पूर्वीच योजला होता. प्रत्येक वॅड फाइलसोबत एक मजकुराची फाइल जोडायची. तीत लेव्हलचे नाव, रचनाकार, लागलेला वेळ, वापरलेली साधने आणि ज्ञात दोष यांची नोंद असते. शेवटी परवानगीचे कलम असते. या कामावर आधारून इतरांनी नवी लेव्हल बनवावी की नाही, हे रचनाकार तेथे स्पष्ट लिहितो. या ओळीला कायद्याचे किती बळ आहे हा वेगळा मुद्दा. ती पाळली जाते ती मुख्यतः लाजेकाजेने आणि परस्पर आदराने.

जतनाची साखळी

या जगाला खरे स्थैर्य दिले ते २३ डिसेंबर १९९७ च्या घटनेने. त्या दिवशी कारमॅक यांनी 'डूम'च्या इंजिनाचा मूळ प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. १९९९ मध्ये त्याला 'जीपीएल' हा मुक्त परवाना मिळाला. डॉस ही जुनी प्रणाली वापरातून गेली तरी 'डूम' मेला नाही, याचे कारण हेच. चाहत्यांनी इंजिन नव्या संगणकांवर आणले, मर्यादा काढल्या, दोष दुरुस्त केले. 'चॉकलेट डूम' हे इंजिन मूळ खेळाची हुबेहूब नक्कल करते, तर 'जीझेडडूम'मध्ये मूळ खेळात अशक्य असलेल्या अनेक गोष्टी करता येतात. 'मायहाऊस' त्याच्याच बळावर उभे आहे.

तथापि खुले झाले ते केवळ इंजिन. मूळ चित्रे, आवाज आणि लेव्हल्स यांवर कंपनीचा हक्क कायम आहे. म्हणून 'फ्रीडूम' या प्रकल्पाने ही सर्व सामग्री नव्याने बनवली. खेळ विकत न घेताही चाहत्यांच्या बहुसंख्य लेव्हल्स तिच्या आधारे कायदेशीरपणे खेळता येतात.

लेव्हल्सचे मुख्य भांडार 'आयडीगेम्स' या नावाने ओळखले जाते. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर अशा त्याच्या प्रती होत गेल्या आणि म्हणूनच १९९४ मधील एखाद्या विद्यार्थ्याचे ओबडधोबड घरही आज उघडून पाहता येते. २००४ पासून 'डूमवर्ल्ड' या संकेतस्थळावर दरवर्षी डिसेंबरात, खेळाच्या वाढदिवशी, उत्तम कामांना 'काकोअवॉर्ड' दिले जातात. त्यांत रोकड नसते. असते ते जाणकारांनी घेतलेले दखलपात्र रसग्रहण.

नवख्याने आरंभ मूळ खेळाच्या पहिल्या भागापासून करावा, असा जाणकारांचा रिवाज आहे. त्यानंतर 'साइद'च्या पहिल्या काही लेव्हल्स, मग स्वतः रोमेरो यांनी २०१९ मध्ये विनामूल्य दिलेला 'सिजिल' हा ९ लेव्हल्सचा भाग आणि सवय झाल्यावर 'प्लुटोनिया' घ्यावा. काठिण्याची निवड खेळातच असते. ती सोपी ठेवण्यात कमीपणा नाही. लेव्हल उघडण्यापूर्वी सोबतची मजकुराची फाइल मात्र जरूर वाचावी.

रोमेरो यांनी खेळाच्या तिसाव्या वाढदिवशी, १० डिसेंबर २०२३ रोजी, 'सिजिल टू' प्रसिद्ध केला. 'डूम'चा एक मूळ निर्माताच आज चाहत्यांच्या रांगेत बसून, त्यांच्याच रीतीने नवी लेव्हल देतो आहे. १९९३ मध्ये दार उघडे ठेवल्यास आपला माल खपणार नाही, अशी भीती काहींना वाटली होती. प्रत्यक्षात त्याच दारातून आत आलेल्या अनोळखी माणसांनी खेळ वाढवला, दुरुस्त केला आणि जपून ठेवला. बंदिस्त राहिलेले त्या काळचे कितीतरी खेळ आज चालवून पाहणेही दुरापास्त झाले आहे. 'डूम'ची पुढची लेव्हल मात्र कुठे तरी, कोणी तरी, रात्री जागून रेखाटत असेल. तिच्याखाली त्याचे नाव टिकावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.